स्पोर्ट मॅनेजमेंटची पहिली सेमिस्टर अमेरिकेत: या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून स्पोर्ट मॅनेजमेंटची मास्टर्स करायला अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींचं गणित पहिल्यांदा चुकतं ते तासांचं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता करायचं पगारी काम, मिळाली की सोमवार ते शुक्रवार रोज चार तास ऑफिसात बसायची सवय लागते, म्हणजे २० तास तिथेच संपले. मग शनिवारी घरच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना येतो. सकाळी आठला हजेरी, संध्याकाळी सहाला सुटका. आठवड्याचे ३० तास झाले आणि व्हिसाची अट मोडली. साहेबांनी सांगितलं म्हणून थांबलो, हे कारण चालत नाही.

उपाय ऑगस्टमध्येच करायचा. वेळापत्रक काढून घरचे सामने वहीत उतरवा. फुटबॉलचे ते हंगामात साधारण सहा-सात असतात. त्या आठवड्यांत ऑफिसचे तास १० वर आणायची विनंती लेखी करा. पगाराचा आठवडा कोणत्या वारी सुरू होतो तेही विचारून घ्या, कारण रविवारच्या कामाचे तास कोणत्या आठवड्यात धरायचे हे त्यावर ठरतं. लायब्ररीत दुसरी नोकरी असेल तर दोन्हींची बेरीज २० च्या आत हवी.

सामन्याच्या दिवशी नवख्यांना बहुतेक वेळा गेटवर उभं करतात, आणि तिथली ठरलेली चूक म्हणजे अडलेल्या माणसाला रांगेतच मदत करणं. तिकिटं फोनवर असतात. बऱ्याच ठिकाणी बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे घरून काढून आणलेला स्क्रीनशॉट स्कॅन होत नाही. त्यात हजारो लोक एकाच जागी जमले की मोबाईलचं नेटवर्क मंदावतं आणि ॲप उघडत नाही. एका कुटुंबाची चार तिकिटं सापडेपर्यंत मागे पन्नास माणसं ताटकळतात. क्रम पाठ करा: आधी स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवायला सांगा, मग ते खरं तिकीट आहे की स्क्रीनशॉट ते पाहा, तरीही नाही झालं तर त्यांना रांगेबाहेर, तिकिटांच्या अडचणी सोडवणाऱ्या टेबलाकडे पाठवा. हे टेबल कुठे आहे ते गेट उघडण्याआधी स्वतः चालत जाऊन बघून या. ‘तिकीट आधीच फोनच्या वॉलेटमध्ये साठवून ठेवा’ अशी पाटी रांगेच्या शेवटाशी लावली तर निम्मी गर्दी गेटवर अडतच नाही. ती गेटशेजारी लावून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो.

पैशाचं थोडक्यात. असिस्टंटशिपबरोबर मिळणारं ‘ट्यूशन माफ’ म्हणजे सगळं माफ नव्हे. विद्यापीठाची इतर फी आणि आरोग्य विमा अनेक ठिकाणी वेगळा भरावा लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर (पगारासाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक) आणि पगाराची कागदपत्रं होईपर्यंत पहिला चेक लांबतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा.

इंटर्नशिपची घाई ही सर्वांत महाग चूक. एखाद्या व्यावसायिक संघाने सप्टेंबरमध्येच बोलावलं तरी लगेच जाता येत नाही. कॅम्पसबाहेरच्या अशा कामाला सीपीटीची (शिक्षण चालू असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या कामाची) परवानगी लागते आणि ती साधारणपणे पूर्ण एक शैक्षणिक वर्ष शिकल्यावरच मिळते. ‘पगार नाही, मग काय हरकत?’ असं समजून जाऊ नका. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा आणि आय-२० वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर) त्या संस्थेचं नाव व तारीख येईपर्यंत पाऊल टाकू नका. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे बहुतेक जण पदवीनंतर वापरतात ती कामाची मुभा, गेली. ओपीटी १२ महिन्यांची असते. तिला २४ महिन्यांची मुदतवाढ स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांनाच मिळते आणि स्पोर्ट मॅनेजमेंट सहसा त्यात बसत नाही. प्रवेश घेतानाच आय-२० वरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या विषयात मोडतो ते सांगणारा क्रमांक, वाचा, जाहिरातीतल्या ‘ॲनालिटिक्स’ या शब्दावर जाऊ नका.

वर्गात आपली मुलं अडखळतात ती दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळाची रचना. क्रिकेट मंडळाच्या चष्म्यातून ती समजत नाही. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेचे तीन डिव्हिजन, त्यांतल्या कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट), डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, हे पहिल्या आठवड्यातच पक्कं करा. जुन्या नोट्सवर तर मुळीच विसंबू नका. जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर आणि छबीवर पैसे कमावू शकतात, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ‘हाऊस’ या खटल्यातल्या तडजोडीनंतर तडजोडीत सामील झालेली विद्यापीठं त्यांना आपल्या कमाईतला वाटाही थेट देऊ शकतात. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी या वाट्याची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

दुसरं ठिकाण सर्व्हे. घाईने मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्नावली टाकली जाते आणि संशोधनाच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयआरबीची, मंजुरी नंतर मागितली जाते. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही, सगळं पुन्हा करावं लागतं. आधी संशोधन-नैतिकतेचं ऑनलाइन प्रशिक्षण, मग अर्ज, मग पहिला प्रश्न. आणि प्रश्न नीट विचारा. ‘तिकिटाचा दर आणि बसण्याची सोय योग्य वाटते का?’ याला कोणी ‘नाही’ म्हटलं तर राग दराचा की खुर्चीचा, हे कधीच कळणार नाही. दोन प्रश्न करा. चाहत्यांची संघाशी असलेली जवळीक मोजायची असेल तर स्वतःची पट्टी बनवत बसू नका. वॅन आणि ब्रॅन्सकोम्ब या मानसशास्त्रज्ञांची १९९३ ची सात प्रश्नांची पट्टी आजही वापरली जाते.

क्रीडा विभागात काम करणाऱ्यांनी कॉलेजच्या किंवा व्यावसायिक फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉलवर पैज लावायची नाही. प्रवेश फी भरून खेळायची फँटसी लीगही त्यातच येते, आणि हा नियम असिस्टंट विद्यार्थ्यांनाही लागू आहे. कमी लक्षात येणारी गोष्ट अशी, की ‘आज आमचा क्वार्टरबॅक (फुटबॉल संघाची चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) सरावाला आलाच नाही’ असा साधा मेसेज गटावर टाकणंही तितकंच धोक्याचं. पैज लावणाऱ्याच्या हाती ती आतली बातमी पडते. खेळाडूला गाडीने सोडायचं असेल किंवा त्याच्या जेवणाचे पैसे द्यायचे असतील, तर आधी कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात ना हे पाहणाऱ्या विभागाला) ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.