अंतर्विरोध कसा ओळखावा, कसा मांडावा

सोलापुरातल्या अभ्यासवर्गांत आणि युनियनच्या पत्रकांत ‘अंतर्विरोध’ हा मार्क्सवादी विचारातला शब्द फार सढळपणे येतो. एकाच गोष्टीच्या आतल्या, एकमेकींवाचून न चालणाऱ्या तरी एकमेकींच्या आड येणाऱ्या दोन बाजू, असा त्याचा अर्थ. कुठलंही भांडण, कुठलीही अडचण अंतर्विरोध ठरते आणि मांडणी भोंगळ होते. तो नेमका वापरायचा तर आधी एकच वस्तू किंवा प्रक्रिया घ्या. ‘समाज’, ‘व्यवस्था’ एवढं मोठं नको. यंत्रमागावर विणलेला एक टॉवेल पुरे.

आता त्याच्या आतल्या दोन बाजू शोधा. टॉवेलने अंग पुसता येतं, हे उपयोगमूल्य. बाजारात त्याचे पैसे होतात, हे विनिमयमूल्य. मार्क्सच्या ‘भांडवल’ची (१८६७) सुरुवातच मालाच्या या दुहेरी रूपापासून होते. टॉवेल उपयोगाचा नसेल तर कुणी विकत घेणार नाही, आणि विकलाच गेला नाही तर कुणाच्या उपयोगी पडणार नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकींवाचून गत्यंतर नाही, तरी त्या एकमेकींच्या आड येतात. ऑर्डर थांबली की गोदामात गठ्ठे साचतात, माग बंद पडतात, आणि त्याच मागावर राबणाऱ्याच्या घरी विरलेला टॉवेल वापरात असतो. गरज आहे, माल आहे, पण विकत घेण्याची ऐपत नाही. अंतर्विरोध म्हणतात तो हा.

पारख सोपी आहे: एक बाजू खोडून पाहा. हातमाग खोडला तरी यंत्रमाग चालूच राहतो, म्हणून ती स्पर्धा झाली. मजुरीवर काम करणारा खोडला तर मालकाचा माग नुसतं लोखंड उरतो, भांडवल राहत नाही. इथे शब्द बरोबर बसतो.

यानंतर सध्या कोणती बाजू वरचढ आहे ते लिहा. चीनचे कम्युनिस्ट नेते माओ यांच्या अंतर्विरोधावरच्या १९३७ च्या मांडणीत यावर विशेष भर आहे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. मागणी जोरात असताना नगावरचा दर वाढवून मागणं मजुराला सोपं जातं. मंदीत मालकाचा वरचष्मा असतो. सूत महागणं हे बाहेरचं कारण. ते जरूर नोंदवा, पण त्याने आतल्या कुठल्या बाजूला बळ मिळालं तेही सांगा.

दोन चुका हमखास होतात. पहिली, विसंगतीलाच अंतर्विरोध म्हणणं. ‘माग आत्ता चालू आहे’ आणि ‘तोच माग आत्ता बंद आहे’ ही निव्वळ विसंगती. यातलं एक विधान खोटं आहे, त्यातून काही घडत नाही. दुसरी चूक, प्रत्येक विषयावर वाद-प्रतिवाद-संवादाचा (एक मत, त्याविरुद्धचं मत, मग दोहोंचा मेळ) साचा दाबून बसवणं. तो जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या नावावर खपतो, पण ही तीन पदं फिख्टे या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाची. हेगेलने आपली पद्धत म्हणून ती मांडलेली नाहीत.

लिहून झालं की ‘अंतर्विरोध’ हा शब्द झाकून परिच्छेद वाचा. दोन बाजू, त्यांचं परस्परांवर अवलंबून असणं आणि वरचढ कोण, एवढं तरीही कळत असेल तर शब्द ठेवा. नसेल तर ‘स्पर्धा’, ‘मतभेद’ किंवा ‘अडचण’ यांपैकी लागू पडेल तो लिहा.