वाकड्या काठावरचं घर आणि व्हेरियन्सचा निर्णय: नव्या प्लॅनरसाठी

प्लॅनिंगमध्ये मास्टर्स करून अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) झोनिंग खात्यात, म्हणजे जमिनीच्या वापराचे नियम सांभाळणाऱ्या खात्यात, रुजू होणाऱ्या आपल्या मुलामुलींना सुरुवातीला सर्वांत जास्त घाम फोडतात ती तळ्याकाठची प्रकरणं. मी मिनेसोटात हेच काम करते. या राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी ११,८४२ तळी आहेत. आजोबांनी बांधलेलं लहानसं केबिन पाडायचं आणि तिथेच बारमाही राहता येईल असं घर बांधायचं, असे अर्ज दर उन्हाळ्यात येतात. ते घर नियमात बसत नसेल तर मालक व्हेरियन्स, म्हणजे त्या जागेपुरती नियमातून सूट, मागतो. ती द्यायची का, हा निर्णय बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंट या काउंटीच्या मंडळाचा असतो. पण त्या बोर्डावरची माणसं आपापले उद्योगधंदे सांभाळून येतात. त्यांच्यासमोर जमिनीचं खरं चित्र ठेवायचं काम आपलं.

नियम वरवर सोपे आहेत. तळ्यापासून १,००० फुटांपर्यंतची जमीन शोअरलँडमध्ये, म्हणजे काठालगतच्या नियंत्रित पट्ट्यात, येते. सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नसेल तर नॅचरल एन्व्हायर्नमेंट वर्गातल्या तळ्यापासून घर १५० फूट मागे हवं, रिक्रिएशनल डेव्हलपमेंट असेल तर १०० आणि जनरल डेव्हलपमेंट असेल तर ७५. ही राज्याची किमान अंतरं, म्हणजेच सेटबॅक. काउंटी याहून कडक नियम करू शकते, म्हणून आधी आपल्या काउंटीचा ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक नियमावली, वाचायचा.

अडचण सुरू होते ती मोजायचं कुठून, इथे. आज पाणी जिथे टेकलंय तिथून नाही. मोजणी होते ‘ऑर्डिनरी हाय वॉटर लेव्हल’पासून, म्हणजे पाणी ज्या उंचीवर पुरेसा काळ राहून जमिनीवर खूण सोडून गेलंय तिथून. पाणवनस्पती संपून जमिनीवरची झाडंझुडपं सुरू होतात ती साधारण हीच जागा. महाराष्ट्रात काम केलेल्यांच्या डोक्यात निळी आणि लाल पूररेषा बसलेली असते. ती इथे बाजूला ठेवा, कारण पंचवीस किंवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी या पातळीचा संबंध नाही. ही एक उंची आहे, आणि काठ सपाट असला की उंचीतला जरासा फरक आडव्या अंतरात केवढा तरी होतो. दोन टक्के उताराच्या काठावर अर्ध्या फुटाची चूक म्हणजे रेषा पंचवीस फूट सरकली. त्यामुळे सर्व्हेअरने ती उंची प्रत्यक्ष जागेवर आखून दिल्याशिवाय मी अर्ज पूर्ण धरतच नाही.

आता वाकडा काठ. सेटबॅकची रेषा काठाला समांतर धावते, म्हणून तळ्यात घुसलेल्या टोकावरच्या प्लॉटला ती दोन-तीन बाजूंनी कापते. मधे उरलेल्या तुकड्यात कधीकधी घर सोडा, गाडीही नीट उभी राहत नाही. अशा वेळी अर्जदार हमखास म्हणतो, ‘शेजाऱ्यांच्या घरांच्या रेषेत बांधू द्या.’ राज्याच्या नियमात त्याला जागा आहे: दोन्ही बाजूंना घरं असतील आणि नवी जागा शोअर इम्पॅक्ट झोनमध्ये, म्हणजे सेटबॅकच्या पाण्याकडच्या निम्म्या पट्ट्यात, किंवा उंच कड्याच्या संरक्षित पट्ट्यात येत नसेल, तर व्हेरियन्सशिवायही शेजाऱ्यांशी जुळवून घेता येतं. पण नकाशावर पट्टी ठेवून बघा. जमीन तळ्यात पुढे आलेली असेल तर दोन शेजाऱ्यांना जोडणारी सरळ रेषा मधल्या घराला गरजेपेक्षा खूप मागे ढकलते. उलट तळंच जमिनीत शिरलेलं असेल, तर तीच रेषा पाण्याला जाऊन भिडते, क्वचित पाण्यावरून जाते. म्हणून दोन शेजाऱ्यांच्या अंतरांची सरासरी आणि दोन घरांमधली सरळ रेषा या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा ऑर्डिनन्स यातलं काय म्हणतो ते शब्दन् शब्द वाचा.

व्हेरियन्स कधी द्यायचा याची कायद्यातली कसोटी २०११ मध्ये बदलली. त्याआधीच्या वर्षी क्रुमेनाखर विरुद्ध मिनेटोंका शहर या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अवाजवी अडचण’ या शब्दांचा कडक अर्थ लावला: व्हेरियन्सशिवाय मालमत्तेचा वाजवी वापरच होत नसेल, तरच शहराला तो देता येईल. मग विधिमंडळाने शहरं आणि काउंट्या दोघांसाठी ‘प्रॅक्टिकल डिफिकल्टीज’ (व्यावहारिक अडचणी) ही कसोटी ठेवली. वापर वाजवी आहे का, अडचण या जमिनीचीच आहे आणि मालकाने स्वतः ओढवून घेतलेली नाही ना, परिसराचं मूळ स्वरूप बिघडणार नाही ना, हे बघायचं. शिवाय मागणी ऑर्डिनन्सच्या हेतूशी आणि काउंटीच्या आराखड्याशी सुसंगत हवी. नुसतं पैशाचं कारण पुरत नाही.

यातला दुसरा मुद्दा वाकड्या काठावर सर्वांत फसवा. ‘माझा काठ वाकडा आहे’ हे काही वेगळेपण नव्हे. त्या तळ्यावर निम्म्या लोकांचा काठ तसाच असतो. या वाकडेपणामुळे या प्लॉटवर नेमकी किती जागा उरते, हे दाखवावं लागतं. माझी पद्धत अशी: अर्जदाराचं कारण वाचण्याआधी मी पाण्याचा, रस्त्याचा, बाजूच्या हद्दींचा आणि सेप्टिकचा सेटबॅक नकाशावर आखून घेते आणि उरलेला तुकडा रंगवते. १०० फूट सेटबॅक असलेल्या तळ्यावर एका त्रिकोणी प्लॉटचा असा तुकडा रंगवला तेव्हा घरासाठी पुरेशी जागा दिसत होती. घर पाण्याकडे सरकत होतं ते त्याला जोडलेल्या तीन गाड्यांच्या गॅरेजमुळे. गॅरेज वळवून रस्त्याकडे नेलं आणि मागणी निम्म्याहून कमी झाली. उरली तेवढी खरोखर जमिनीची अडचण होती, आणि बोर्डाने तेवढीच दिली. माझ्या मते हाच न्याय आहे: जमिनीने अडवलं तेवढं द्यावं, घराच्या आराखड्याने अडवलं ते त्याच आराखड्याने सोडवावं.

शेजाऱ्यांची पत्रं येतात, विरोधाची आणि पाठिंब्याचीही. ती आदराने वाचा, पण मोजू नका. विहीर, उतारावरून येणारं पाणी, जुना पूर अशी माहिती त्यांत असेल तर ती सोन्यासारखी. ‘आमची काही हरकत नाही’ हे कारण होऊ शकत नाही.

तारखांचं भान ठेवा. पूर्ण अर्ज आल्यापासून ६० दिवसांत निर्णय किंवा लेखी मुदतवाढ गेली नाही, तर कायद्यानेच अर्ज मंजूर होतो. सुनावणीची सूचना राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला किमान दहा दिवस आधी पाठवलेली असली पाहिजे. आणि निर्णयाची कारणं त्याच सभेत, प्रत्येक मुद्द्याला धरून नोंदवून घ्या. प्रकरण कोर्टात गेलं की बघितला जातो तो हाच कागद.

अटी घालताना त्या मागणीशी थेट जोडलेल्या आणि तिच्या परिणामाच्या प्रमाणात असायला हव्यात. घर पाण्याजवळ येतंय, तर काठालगत हिरवळीऐवजी मुळं धरणारी स्थानिक झाडंझुडपं लावायला सांगणं योग्य. रस्त्याकडची जुनी शेड पाडायला लावणं नाही. मंजुरीनंतर पाया ओतण्याआधी स्वतः जागेवर जा आणि सर्व्हेअरच्या खुंट्यांपासून अंतर पुन्हा मोजा. काँक्रीट पडल्यावर तीन फूट कमी भरले, तर तेच प्रकरण पुन्हा बोर्डापुढे येतं, आणि या वेळी घर आधीच उभं असतं.