‘प्रशासन’ नावाचा माणूस कॉलेजात नसतो

पत्रकारितेच्या वर्गात विद्यार्थ्यांनी काढायच्या प्रायोगिक अंकाचं काम निघालं की बातम्या, मुलाखती, फोटो यांना पटापट नावं लागतात. अग्रलेखाची चौकट मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत रिकामी राहते आणि मग ‘हिचं मराठी बरं आहे’ म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडते. माझ्या गळ्यात ती अशीच पडली. आता दैनिकाच्या संपादकीय पानावर काम करते, तरी संध्याकाळी ऐनवेळी विषय बदलला की पोटात गोळा येतोच. तेव्हा तुम्हाला धास्ती वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, तेवढ्याने लेख बिघडत नाही.

अग्रलेखाखाली नाव का नसतं, ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे वर्गात झालेलं असणार. सगळे ज्यात पडतात त्या खड्ड्यापाशीच सरळ येते.

समजा विषय आहे ग्रंथालयाचा. ते संध्याकाळी सहाला बंद होतं, परीक्षेच्या दिवसांत तरी उशिरापर्यंत उघडं हवं. आपण काय लिहितो? वाचनसंस्कृतीचा ऱ्हास, ज्ञानाचं महत्त्व, गावाकडून आलेल्या मुलांच्या कोंदट खोल्या, आणि शेवटी ‘प्रशासनाने याची गांभीर्याने दखल घ्यावी.’ असे लेख मी लिहिलेत. सरांनी वर्गात वाचून दाखवले, टाळ्या पडल्या, आणि ग्रंथालय सहालाच बंद होत राहिलं.

होणारच. तो लेख वाचून कुणालाही खुर्चीतून उठावं लागत नाही. ग्रंथपाल म्हणतात, वेळ ठरवणं आमच्या हातात नाही. प्राचार्य म्हणतात, माणसं कुठे आहेत? संस्थेचे सचिव म्हणतात, आमच्याकडे प्रस्तावच आला नाही. तिघंही खरं बोलत असतात, आणि ‘प्रशासन’ वाचून प्रत्येकाला वाटतं की रोख शेजारच्यावर आहे.

म्हणून लिहायला बसण्याआधी ग्रंथपालांच्या टेबलापाशी जाऊन एवढंच विचारा: उद्यापासून नऊपर्यंत उघडं ठेवायचं तर काय लागेल? उत्तर बहुधा अगदी साधं निघतं. वाचनकक्षात एक शिपाई, गेटवर रखवालदाराची दुसरी पाळी आणि त्यांचा जादा पगार. मग तो पगार मंजूर कोण करतं ते शोधा. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. वर्षाचं अंदाजपत्रक तीच तयार करून संस्थेकडे शिफारस करते आणि वर्षातून किमान चार वेळा तिने भेटायचं असतं. कायद्याप्रमाणे विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही तिचे सदस्य. (तुमच्याकडे परिषदच झाली नसेल तर पुढच्या अंकाचा विषय मिळाला.) आता मागणी अशी लिहिता येते: ‘विकास समितीने येत्या बैठकीत मार्च-एप्रिलपुरता एक शिपाई आणि रखवालदाराची दुसरी पाळी यांच्या पगाराची शिफारस संस्थेकडे करावी.’ वाक्य रुक्ष आहे, कुणी टाळ्या वाजवणार नाही. पण बैठकीच्या आठवडाभर आधी छापून आलं तर समितीच्या अध्यक्षांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागतं, आणि ‘नाही’ म्हटलं तर कारणही द्यावं लागतं. बैठकीनंतर छापलं तर सगळी मेहनत रद्दीत.

मोठ्या विषयांतही हेच होतं. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल रखडले. कायदा म्हणतो निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावा. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. ‘सावळा गोंधळ’ आणि ‘कुलगुरूंनी राजीनामा द्यावा’ लिहिणं सोपं होतं. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना हटवण्यातही आलं. पण ज्या मुलीचा पुढचा प्रवेश निकालावाचून अडला होता, तिला ऑगस्टमध्ये हवी होती प्रवेशाची वाढीव मुदत. ती कुणाच्या सहीने मिळते, हे लिहिणारा अग्रलेख तिच्या कामाचा. शिवाय नवी पद्धत आधी एका विद्याशाखेत वापरून का पाहिली नाही, तो निर्णय कुठल्या बैठकीत झाला, हे विचारायला विशेषणं लागत नाहीत.

माहिती अधिकाराचंही सांगते. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. अनुदानित कॉलेजलाही तो लागू आहे. पण अंक परवा छापायचा तर त्याचा उपयोग शून्य. आज अर्ज टाका, पुढच्या अंकाला कामी येईल.

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा १८९७च्या ‘केसरी’तला मथळा सगळ्यांना पाठ असतो, खालचा मजकूर कुणी उघडून पाहत नाही. त्याची नक्कल करून कॅन्टीनच्या वडापाववर तोफ डागू नका, हसं होतं. सुभाषिताने सुरुवात नको. ‘एकीकडे… तर दुसरीकडे…’ असं तराजू धरून बसणंही नको. एआयकडून मसुदा घ्यायचा असेल तर घ्या बापडे. त्याला तुमच्या ग्रंथपालांचं टेबल माहीत नाही, त्यामुळे तो पुन्हा ‘प्रशासनाने दखल घ्यावी’वरच येऊन थांबेल.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. ‘भाषा ओघवती आहे’ म्हणणाऱ्यांकडून मी काही शिकले नाही. शिकवलं ते एका मुद्रितशोधकांनी. ते समासात पेन्सिलने फक्त ‘कोण?’ लिहायचे आणि पान परत करायचे. चिडायचे मी. आजही मजकूर सोडण्याआधी प्रत्येक ‘करावे’, ‘व्हावे’पुढे मनातल्या मनात तो ‘कोण?’ लिहून पाहते, आणि बऱ्याचदा उत्तर सापडत नाही. मग फोन उचलावा लागतो.

आणि हो, लेख विभागप्रमुखांपासून लपवू नका. छापील ओळीत संपादक म्हणून बहुधा त्यांचंच नाव जातं, उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. त्यांनी विशेषण काढलं तर काढू द्या, रडू नका. मागणीचं वाक्य काढलं तर मात्र शांतपणे भांडा, हातात कायद्याचं कलम ठेवून. तुम्ही समजता तितकी ही माणसं वाईट नसतात. बऱ्याचदा त्यांनाही कुणीतरी हे लिहायला हवंच असतं. छापल्यावर कॉलेजकडून खुलासा आला तर पूर्ण छापा. त्याखाली लगेच आपलं उत्तर जोडायचा मोह होईल, तो आवरा. पुढच्या अंकापर्यंत समितीची बैठक झालेली असेल, तिचं इतिवृत्त मागून घ्या आणि मग लिहा.