वाफेचं इंजिन आणि स्टेशन: इम्प्रेशनिस्ट पद्धतीने तैलरंगात कसं रंगवावं

क्लोद मोने या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट (बारकाव्यांपेक्षा उजेडाचा क्षणिक परिणाम टिपणाऱ्या) चित्रकाराने १८७७ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनची १२ चित्रं रंगवली. त्यातलं ऑर्से संग्रहालयातलं चित्र मोठं करून समोर ठेवा आणि आधी नुसती वाफ बघा. ती पांढरी नाही. छपराखाली निळसर-जांभळी आहे, बाहेर उन्हात गेली की उजळते. हे एकदा डोळ्यांना पटलं की अर्धं काम झालं.

कॅनव्हासला फिकट राखाडी हात देऊन वाळवा. काळ्या रंगाची ट्यूब उघडूच नका. लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्यांच्याकडच्या सँ-लाझारच्या चित्राचे रंग तपासले, तेव्हा गडद भागांत निळे, हिरवे, लाल असे तेजस्वी रंगच एकमेकांत मिसळलेले आढळले. काळा अगदी नावापुरता. तुम्हीही अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) मिसळून त्यात थोडं विरिडियन (निळसर हिरवा) घाला. हा गडद रंग जिवंत वाटतो. इंजिनाच्या उजेडाकडच्या अंगाला क्रिमसन जरा वाढवा.

रेखाटन ब्रशनेच करा, पातळ निळ्या रंगात: वर छपराचा त्रिकोण, खाली रूळ, मधोमध जरा आत इंजिन. चाकं आणि बोल्ट मोजत बसू नका.

आता छप्पर, मागच्या इमारती आणि इंजिन रंगवून घ्या आणि ते ओलं असतानाच वाफेला हात घाला. सावलीतल्या वाफेसाठी पांढऱ्यात कोबाल्ट ब्लू आणि चिमूटभर क्रिमसन. उन्हातल्या वाफेसाठी पांढऱ्यात किंचित पिवळा. धुराड्यातून निघणारा कोळशाचा धूर मात्र वेगळा, तपकिरी-राखाडी ठेवा. रंग जाडसर घ्या, ब्रश खालून वर वळवत न्या आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर तो फडक्याला पुसा, नाहीतर खालचा गडद रंग वर येऊन सगळं मळतं. ॲक्रिलिक वापरत असाल तर घाई करावी लागेल. मधूनमधून पाण्याचा फवारा मारा.

बहुतेकांची वाफ कापसासारखी दिसते, कारण तिला चहूबाजूंनी कडा असते. इंजिनाला टेकते तिथे कडा स्पष्ट ठेवा, वरच्या बाजूला ती कोरड्या ब्रशने छपरात विरवून टाका. छपराच्या एकदोन लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे सांगाडे) वाफेतून पुसट दिसू द्या.

फलाटावरची माणसं शेवटी, एकेका फटकाऱ्यात. चेहरे नकोत. व्हार्निशसाठी सहा महिने तरी थांबा. जाड रंग आतून सावकाश वाळतो.