अर्धशिशीला पित्त समजू नका, आणि आणखी काही चुका

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगले की माझ्या उजव्या कानशिलात ठोके पडायला लागतात. पत्र्यावरून येणारी तिरीप, पोत्यांचा भपकारा, त्यात सकाळची न्याहारी बुडालेली. दुकानातले सगळे एका सुरात सांगतात, "ताई, पित्त उसळलंय, उलटी काढा." मीही कित्येक वर्षं मिठाचं पाणी पिऊन घशात बोटं घालत आले. घसा सोलवटायचा, डोकं तसंच.

मळमळ हा अर्धशिशीचाच भाग, तिचं मूळ नव्हे. चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस चेतली की तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं 37 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी, सुटतं. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या त्याने रुंदावतात, दुखणं पेटतं. 1990 मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांना अर्धशिशीचा अ‍ॅटॅक चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेच्या रक्तात हे पेप्टाइड वाढलेलं सापडलं.

हे वाचून माझ्या मावसभावाने मिरजेच्या एका लॅबमध्ये "सीजीआरपी करून द्या" म्हणून हट्ट धरला. तिथल्या मुलीने आधी त्याच्याकडे आणि मग दरपत्रकाकडे पाहिलं! पेप्टाइड रक्तात काही मिनिटांतच विरतं, आणि दंडातल्या रक्तावरून अर्धशिशी ठरत नाही. निदान होतं ते लक्षणं नीट विचारून. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं, असंही नाही.

सगळ्यात महागात पडते ती उशिरा घेतलेली गोळी. "बघू, थांबेल" म्हणत आपण सौदा संपेपर्यंत कळ काढतो. अ‍ॅटॅकमध्ये पोट मंदावतं, मग गोळी तिथेच पडून राहते. सुमाट्रिप्टान नावाचं अर्धशिशीचं औषध सीजीआरपी सुटणं रोखतं, पण दुखणं हलकं असतानाच घेतलं तर त्याचा खरा उपयोग. हृदयविकार असेल तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

याच्या उलट टोक म्हणजे रोज गोळी. साधी वेदनाशामकं महिन्यातले 15 दिवस, सुमाट्रिप्टानच्या जातीतली ट्रिप्टान किंवा अनेक औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. मी आता भिंतीवरच्या कॅलेंडरात गोळीच्या दिवसावर फुली मारते. पहिल्याच महिन्यात 13 फुल्या निघाल्या, तेव्हा मुकाट्याने डॉक्टर गाठला.

सीजीआरपीचं काम अडवणारी एरेनुमॅबसारखी इंजेक्शनं 2018 पासून आली. ती अ‍ॅटॅक येऊ नयेत म्हणून, साधारण महिन्याला एक. ठोके सुरू झाल्यावर त्यांच्या मागे धावू नका.

आणि क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं, तापासोबत मान ताठणं, यातलं काही दिसलं तर ते अर्धशिशीच्या खात्यात टाकू नका. लगेच हॉस्पिटल.