अ‍ॅनफिल्डला मॅच बघायला जाताय? या चुका टाळा

दरवर्षी सांगलीकडून मला एक तरी फोन येतोच. "दादा, तिकडं येतोय. लिव्हरपूलची एक फुटबॉल मॅच बघायचीच." कुठली, म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं. "कुठली पण चालेल. विमानाचं तिकीट काढून झालंय." मी मँचेस्टरला राहतो, लिव्हरपूल क्लबचं मैदान असलेलं अ‍ॅनफिल्ड इथून रेल्वेनं तासाभरावर. त्यामुळं घोळ निस्तरायचं काम आपसूक माझ्याकडं येतं, आणि बहुतेक घोळांचं मूळ एकच असतं. विमान ठरलेलं, हॉटेल ठरलेलं आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती मॅच तेवढी अधांतरी.

वेळापत्रकातली तारीख पक्की धरणं

प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचं, वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं. त्यात बहुतेक सामन्यांपुढं शनिवार, दुपारी ३ असं असतं आणि लोक ते वाचून बुकिंग करतात. पण ही वेळ तात्पुरती असते. पुढं टीव्हीवाले आपापल्या मॅच निवडतात. मग तीच मॅच शुक्रवारी रात्री, शनिवारी साडेबाराला, रविवारी साडेचारला किंवा थेट सोमवारी रात्री ८ ला जाते. लिव्हरपूलची मॅच सगळ्यांनाच दाखवायची असते, त्यामुळं ती हलणार असंच धरून चाला. त्यात संघ चषक स्पर्धेत पुढं गेला, तर त्या आठवड्यातला लीगचा सामना कधीकधी वेगळ्याच महिन्यात जातो.

माझा मावसभाऊ नोव्हेंबरच्या अखेरीला शुक्रवार ते रविवार असा बेत आखून आला होता. मॅच गेली सोमवारवर. शेवटी त्यानं ती सांगलीत, मध्यरात्री दीड वाजता, घरच्या टीव्हीवर बघितली. रोजच्यासारखीच. म्हणून टीव्हीच्या तारखा जाहीर झाल्यावरच रेल्वे आणि हॉटेल घ्या. विमान आधी काढावंच लागत असेल, तर मॅचच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा.

अजून एक. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये देशादेशांचे सामने असतात आणि तेवढे दिवस लीग बंद असते. दिवाळीच्या सुट्टीत येणारे यात हमखास सापडतात.

"तिकीट तिकडं गेल्यावर बघू"

नाही मिळत. मैदानात सुमारे ६१ हजार माणसं मावतात, पण बऱ्याचशा जागा सीझन तिकीटवाल्यांच्या, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट घेतलेल्यांच्या, असतात आणि उरलेल्या सदस्यांमध्ये सोडतीनं वगैरे वाटल्या जातात. वर्षाचं सदस्यत्व घेतलं म्हणजे तिकीट मिळालं असंही नाही, रांगेत उभं राहायचा हक्क मिळाला इतकंच. ज्यांना जमत नाही ते सदस्य आपली जागा क्लबच्याच व्यवस्थेतून परत विकतात. मॅचच्या आदल्या काही दिवसांत तिथं चिकाटीनं बघत राहिलं, तर सुटी जागा मिळते. चार मित्रांना शेजारीशेजारी बसायचं असेल तर मात्र विसरा. हॉस्पिटॅलिटीची, म्हणजे खाण्यापिण्याच्या खास सोयीसकटची, तिकिटं महाग असतात, पण खात्रीची. तीही क्लबकडूनच किंवा क्लबनं नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

बाहेरच्या वेबसाइटवर, फेसबुकवर किंवा मैदानाबाहेर हळू आवाजात तिकीट विचारणाऱ्याकडं जाऊच नका. नाटकाबाहेर ब्लॅकनं घेतलेलं तिकीट निदान आत तरी सोडतं. इथं परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि क्लबला कळलं तर ते तिकीट रद्द होतं. भावाचा एक मित्र असाच फसला. गेटवर फोन टेकवला, लाल दिवा लागला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. गेटवरच्या बाई "सॉरी, लव्ह" म्हणाल्या आणि मागच्या माणसाला पुढं घेतलं. समोरच्या पबमध्ये जाऊन बघावं, तर शनिवारी दुपारी ३ च्या मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवतच नाहीत. तो भिंतीबाहेर उभा राहिला. आतून गर्जना आली की गोल झाला एवढं कळायचं, कुणी केला ते मोबाइलवर.

लीगचं तिकीट मिळत नसेल, तर लीग कप या चषक स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांचं बघा, त्या मानानं सोपं जातं. महिला संघाची मॅचही चांगला पर्याय आहे, तिकीट स्वस्त आणि सहज मिळणारं. फक्त तो संघ बहुतेक सामने शेजारच्या सेंट हेलेन्स गावात खेळतो, हे बघून जा.

फोनची तयारी

तिकीट फोनमध्ये येतं आणि गेटवर फोन टेकवूनच आत जाता येतं. फोनला एनएफसी, म्हणजे टेकवून पैसे देता येतात ती सोय, हवी. स्क्रीनशॉट चालत नाही, प्रिंटही नाही. तिकीट आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर फोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये उतरवून घ्या, कारण मैदानाजवळ साठ हजार फोन एकदम जागे झाले की नेटवर्क बसतं. थंडीत बॅटरीही भराभर उतरते. खिशातली पॉवर बँक इथं स्वेटरइतकीच गरजेची.

पोचणं आणि त्याहून अवघड, परतणं

अ‍ॅनफिल्डजवळ रेल्वे स्टेशन नाही. लाइम स्ट्रीट हे मुख्य स्टेशन तिथून साधारण तीन किलोमीटर. मॅचच्या दिवशी शहरातून ९१७ नंबरची बस सुटते, नाहीतर मर्सीरेल या लोकलनं सँडहिल्सला उतरून पुढं बस. भाड्याची गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये मॅचच्या दिवशी फक्त रहिवाशांना पार्किंग असतं आणि मैदानाजवळचे रस्ते बंद होतात. मॅच सुटल्यावर बसची रांग बघून माझं डोकं फिरतं, म्हणून मी सरळ चालत सुटतो. गर्दी जाते तिकडं जायचं, पाऊण तासात शहर येतं.

लंडनहून सकाळी येऊन रात्री परत जाऊ, हा बेत दुपारच्या मॅचलाच जमतो. रात्री ८ ची मॅच संपायला दहा वाजत येतात आणि मग लंडनची गाडी मिळत नाही. मुक्काम लिव्हरपूललाच ठेवा. रविवारी रूळदुरुस्तीही बरेचदा निघते.

मैदानांच्या नावांचा गोंधळही होतो. एव्हर्टन या शहरातल्या दुसऱ्या क्लबचं जुनं गुडिसन पार्क अ‍ॅनफिल्डपासून एका बागेच्या पलीकडं आहे, पण त्यांचा पुरुष संघ २०२५ पासून नदीकाठच्या नव्या मैदानावर खेळतो. आणि मँचेस्टर युनायटेडची मॅच बघायला येणाऱ्यांसाठी: २०१९ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला धोनी रनआउट झाला ते ओल्ड ट्रॅफर्ड क्रिकेटचं. ओल्ड ट्रॅफर्ड नावाचा ट्रामथांबाही त्याच्याच दारात आहे. फुटबॉलचं त्याच नावाचं मैदान तिथून थोडं पुढं.

मैदानावर

आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर गोलपोस्टमागच्या कॉप स्टँडचं तिकीट घेऊ नका. तिथं लोक पूर्ण मॅच उभे असतात. त्यांना मेन स्टँड बरा. दोन्ही संघांचे रंग अर्धे-अर्धे असलेला मफलर बाहेर हमखास विकायला असतो. तो गळ्यात घातला की इथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण मनात तुमची किंमत झालेली असते.

'द सन' हे वर्तमानपत्र हातात घेऊन तिकडं फिरकू नका. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या १९८९ च्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक गेले आणि या पेपरनं तेव्हा चाहत्यांवरच धादांत खोटे आरोप छापले. शहरानं ते अजून माफ केलेलं नाही. मैदानाबाहेरच्या स्मारकावर त्या ९७ जणांची नावं आहेत. तिथं सेल्फी काढणारे पाहिले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बिअर आत मिळते, पण मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही, हा १९८५ चा कायदा. पैसे कार्डानंच द्यायचे. शाकाहाऱ्यांनी आधी शहरातच जेवून घ्यावं. स्काउस हा इथला प्रसिद्ध रस्सा मांसाचा असतो, बिनमांसाचा हवा तर 'ब्लाइंड स्काउस' मागा. मोठी बॅग आत सोडत नाहीत, ती हॉटेलवरच ठेवा. स्टेडियमची नेहमीची टूर मॅचच्या दिवशी धरू नका, आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी करा.

किकऑफच्या दहा मिनिटं आधी जागेवर असा, मफलर वर धरून सगळं मैदान 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे क्लबचं गाणं गातं ते तेव्हाच. आणि मर्सी नदीवरून येणारा वारा महाबळेश्वरच्या थंडीत मोडत नाही. पुढच्या खेपेला भाऊ मॅचला आला तेव्हा जर्सी दिसावी म्हणून त्यानं जॅकेट उघडं ठेवलं होतं, विसाव्या मिनिटाला त्यानं माझी शाल मागितली.