ऑनलाइन स्क्रॅबलमध्ये गुण कसे मोजावेत

स्क्रॅबल म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल फळ्यावरच्या घरांत लावून शब्द जुळवण्याचा खेळ. तो ऑनलाइन खेळताना गुणांची बेरीज अ‍ॅप करते, म्हणून अनेक खेळाडू ती कधी शिकतच नाहीत. शब्द लावायचा, आकडा उमटेल तो पाहायचा आणि पुढची टाइल उचलायची, अशी सवय एकदा लागली की समोरचा खेळाडू साध्या तीन-चार अक्षरी शब्दांवर आपल्या पुढे कसा जातो, हे कळेनासे होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकांना मी विशेष आग्रहाने सांगेन की या खेळात इंग्रजी शब्दसंग्रहाइतकेच महत्त्व मोजणीला आहे, आणि मोजणी कोणालाही आठवडाभरात येऊ शकते. एक नियम स्वतःला लावून घ्यावा : चाल पाठवण्यापूर्वी तिचे गुण आपण मनात मोजायचे, मगच अ‍ॅपचा आकडा पाहायचा.

आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात हा खेळ रचताना इंग्रजी वृत्तपत्रांत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजले होते. टाइलवरचे आकडे त्या मोजणीतून आले आहेत. १०० टाइलपैकी १२ एकट्या ‘ई’च्या आहेत आणि तिला १ गुण आहे, ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच आहेत आणि त्यांना प्रत्येकी १० गुण आहेत. ‘जे’ आणि ‘एक्स’चे ८, ‘के’चे ५, ‘एफ’, ‘एच’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’ व ‘वाय’चे ४, ‘बी’, ‘सी’, ‘एम’ व ‘पी’चे ३, ‘डी’ व ‘जी’चे २ आणि उरलेल्या सर्व अक्षरांचा १, एवढे पाठ केले की पाया झाला. दोन टाइल कोऱ्या असतात. त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात, पण त्यांचे गुण शून्य.

मोजण्याचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी अक्षर दुप्पट किंवा तिप्पट करणाऱ्या घरांचा हिशेब, मग सगळ्या अक्षरांची बेरीज, मग शब्द दुप्पट-तिप्पट करणारे घर, आणि सर्वांत शेवटी हातातल्या सातही टाइल एकदम लावल्याचे ५० गुण. ‘हाउस’ हा पाच अक्षरी शब्द पहिल्या चालीत लावला असे समजू. एच-ओ-यू-एस-ई यांची बेरीज ८ होते आणि मधले घर शब्द दुप्पट करते, म्हणून १६. पण मधल्या घराच्या दोन्ही बाजूंना, चार-चार घरांवर, अक्षर दुप्पट करणारे घर आहे. तोच शब्द डावीकडे सरकवून ‘एच’ त्या घरावर आणि शेवटचा ‘ई’ मध्यावर आणला, तर बेरीज १२ आणि गुण २४ होतात. उजवीकडे सरकवून ‘ई’ला दुप्पट केले, तर मिळतात १८. शब्द एकच, टाइल त्याच, आणि जागेमुळे आठ गुणांचा फरक.

आता प्रतिस्पर्ध्याची चाल पाहू. डावीकडे सरकवलेल्या ‘हाउस’च्या शेवटी तो ‘डी’ लावतो आणि त्याच ‘डी’पासून खाली ‘ड्रिंक’ हा उभा शब्द तयार करतो. ‘आर’ दुप्पट अक्षराच्या घरावर पडतो, म्हणून उभ्या शब्दाचे २, २, १, १, ५ मिळून ११. शिवाय आडवा ‘हाउस्ड’ हा शब्दही नव्याने झाला, त्याचे १० गुण त्यालाच. एकूण २१. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘डी’ दोन्ही शब्दांत मोजला गेला; आणि ‘एच’ मागच्या चालीत दुप्पट झाला होता, तो या वेळी साधा ४ म्हणूनच धरला गेला, कारण विशेष घर एकदाच, टाइल पडते त्या चालीपुरतेच, उपयोगी पडते.

त्या एका चालीत मात्र विशेष घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांना लागू होते, आणि चांगले खेळाडू पुढे जातात ते येथेच. समजा, एका ‘ओ’च्या खाली तिप्पट अक्षराचे रिकामे घर आहे. तेथे ‘एक्स’ ठेवून त्याच्या डावीकडे ‘ए’ लावला, तर आडवा ‘ॲक्स’ आणि उभा ‘ऑक्स’ असे दोन शब्द होतात. ‘एक्स’चे २४ दोन्हीकडे धरायचे, म्हणून प्रत्येक शब्दाचे २५ आणि चालीचे ५० : अवघ्या दोन टाइलमध्ये. ‘ए’च्या वरचे घर रिकामे आहे ना, एवढे पाहून घ्यावे, नाहीतर तेथे तिसरा शब्द तयार होतो आणि तोही शब्दकोशात असावा लागतो.

सात टाइलच्या बक्षिसाबाबत नवख्यांचा मोठा गैरसमज असतो. ‘रिटेन्स’ (आर-ई-टी-ए-आय-एन-एस) या सात अक्षरी शब्दात प्रत्येक अक्षराचा १ गुण आहे. तो दुप्पट शब्दाच्या घरावरून गेला आणि इतर विशेष घर लागले नाही, तर १४ अधिक ५० म्हणजे ६४ गुण होतात. ५० कधीच दुप्पट होत नाहीत. यातला ‘एस’ कोऱ्या टाइलने भरला असता तरी ६२ मिळाले असते. म्हणून कोरी टाइल वीस-बावीस गुणांच्या चालीत खर्च करणे मला नेहमी नुकसानीचे वाटते.

सर्व अ‍ॅप एकाच पद्धतीने मोजत नाहीत, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच तपासावे. वर्ड्स विथ फ्रेंड्स या अशाच दुसऱ्या ऑनलाइन खेळात टाइल १०४ आहेत, ‘जे’चे १० तर ‘एच’चे ३ गुण आहेत आणि सात टाइलचे बक्षीस ३५ आहे. शब्दकोशही निरनिराळे असतात. ‘क्यू-आय’ हा दोन अक्षरी शब्द स्क्रॅबलच्या मान्य शब्दांच्या अमेरिकी आणि कॉलिन्स या दोन्ही याद्यांत चालतो, पण याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या हिमालयातील जनावराचे नाव असलेला ‘झेड-ओ’ फक्त कॉलिन्समध्ये. बहुतेक अ‍ॅप चुकीचा शब्द स्वीकारतच नाहीत, त्यामुळे अंदाजाने शब्द लावून पाहण्यात काही गमवावे लागत नाही. स्पर्धांच्या पद्धतीने खेळवणाऱ्या ठिकाणी मात्र चुकीच्या शब्दावर हरकत आली तर चाल वाया जाते. आणि हरकत खोटी ठरली तर अमेरिकी पद्धतीत हरकत घेणाऱ्याची चाल जाते, कॉलिन्सच्या खेळात बहुधा काही गुणांचा दंड पडतो.

शेवटचा हिशेब टाइल काढण्याची पिशवी रिकामी झाल्यावर सुरू होतो. पेटीवरील नियमांप्रमाणे, जो आपल्या टाइल आधी संपवतो त्याला इतरांकडे उरलेल्या टाइलचे गुण मिळतात आणि त्या-त्या खेळाडूचे तेवढेच कमी होतात. प्रतिस्पर्ध्याकडे ‘क्यू’ अडकला असेल, तर १० वाढतात, १० घटतात आणि फरक २०चा पडतो. दोघांच्या अमेरिकी स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या टाइलचे दुप्पट गुण टाइल संपवणाऱ्याला देतात. फरक तेवढाच राहतो, अंतिम आकडे तेवढे वेगळे दिसतात. तिघे-चौघे खेळत असतील तर टाइल संपवणाऱ्याला सगळ्यांच्या उरलेल्या गुणांची बेरीज मिळते, म्हणून मागे पडलेल्या खेळाडूनेही अखेरच्या दोन चालींत मोठ्या शब्दाच्या मागे न लागता आधी हात मोकळा करण्याचा विचार करावा, आणि त्यासाठी फळ्यावर न दिसलेली अक्षरे कोणती, हे पिशवीत दहा-बारा टाइल उरल्या असतानाच कागदावर मांडून ठेवावे.